विश्लेषण : सहा दिवसांचा विमानप्रवास आणि देशातला पहिला विमान कारखाना, सोलापूरचे वालचंद हिराचंद कोण होते?

ऑक्टोबर २०२५ मध्ये सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली. दोन्ही विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ३६० किलोमीटर आणि प्रवासाचा वेळ साधारण एक तास. पुणे महामार्गालगतच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखानदारांसाठी ही मोठी बातमी होती. ग्राहक, बँका, सरकारी कार्यालये आणि निर्यातीचे व्यवहार यांसाठी त्यांना वरचेवर मुंबई गाठावी लागते.

विमानाने वाचणाऱ्या वेळेची चर्चा होताना एका सोलापूरकराचे नाव हमखास आठवावे असे आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा. देशातला पहिला विमान कारखाना त्यांनी उभारला आणि त्या कारखान्याची कल्पना एका अतिशय लांबलेल्या विमानप्रवासात पुढे आली. मात्र हा कारखाना सोलापुरात झाला नाही, तो बेंगळुरूत झाला. असे का झाले, याचे उत्तर आजच्या सोलापूरलाही उपयोगी पडणारे आहे.

दोन विमानतळांमधले अंतर आणि वेळ कसा ठरतो?

विमानतळांमधले अंतर रस्त्यासारखे मोजत नाहीत. पृथ्वीच्या गोलावरून दोन ठिकाणांना जोडणारी सर्वांत लहान रेषा घेतली जाते. जवळच्या शहरांसाठी ही रेषा नकाशावर सरळच दिसते, लांबच्या प्रवासात मात्र ती वक्र दिसते. या हिशेबाने सोलापूर ते मुंबई सुमारे ३६० किमी, सोलापूर ते गोव्यातील मोपा सुमारे ३०० किमी आणि सोलापूर ते बेंगळुरूचा केम्पेगौडा विमानतळ सुमारे ५२५ किमी भरतो. मुंबईचा रेल्वेमार्ग मात्र ४५५ किमीचा आहे, कारण रुळांना घाट, नद्या आणि गावे पाहून वळावे लागते.

आता वेळ. छोटे जेट विमान उंचीवर ताशी ७५० ते ८०० किमी वेगाने जाते. नुसता भागाकार केला तर मुंबई अर्ध्या तासात यायला हवी. प्रत्यक्षात तसे होत नाही. विमान धावपट्टीपर्यंत सावकाश जाते, उड्डाणानंतर काही मिनिटे उंची गाठण्यात जातात, उतरण्याची तयारीही बरीच आधी सुरू होते. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर रांगेत थांबावे लागले तर आणखी वेळ जातो. जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतच्या या एकूण वेळेला विमान कंपन्या ब्लॉक टाइम म्हणतात आणि वेळापत्रकात हाच वेळ छापला जातो.

ढोबळ नियम असा, की अंतराला वेगाने भागायचे आणि त्यात सुमारे अर्धा तास मिळवायचा. त्यामुळे अंतर जितके कमी, तितका हा वरचा अर्धा तास जड वाटतो. विमानाचा खरा फायदा लांबच्या प्रवासात दिसतो. वालचंद यांच्या काळात मात्र लांबचा विमानप्रवासही दिवसांत मोजावा लागत असे.

वालचंद यांची सुरुवात कुठून झाली?

२३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका दिगंबर जैन व्यापारी कुटुंबात वालचंद यांचा जन्म झाला. कुटुंब मूळचे सौराष्ट्रातल्या वांकानेरचे. वडील हिराचंद नेमचंद दोशी यांचा व्यवसाय कापूस आणि सावकारीचा होता. सोलापुरात रेल्वे १८६० मध्येच पोहोचली होती. १८७७ मध्ये शहरात पहिली मोठी कापड गिरणी उभी राहिली, तिला सोलापूरकर जुनी गिरणी म्हणतात. म्हणजे वालचंद वाढले ते शहर रुळांनी मुंबईला जोडलेले आणि गिरण्यांच्या भोंग्यावर चालू लागलेले होते.

सोलापुरात मॅट्रिक झाल्यानंतर त्यांनी मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे काही काळ शिक्षण घेतले. नंतर ते घरच्या व्यवसायात आले, पण कापूस आणि सावकारीत त्यांचे मन रमले नाही. १९०३ च्या सुमारास त्यांनी रेल्वेतून बाहेर पडलेले कारकून लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी केली. फाटकांना रेल्वेच्या कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडे भांडवल आणि पत होती. फाटक-वालचंद या जोडीने घेतलेले पहिले मोठे काम होते बार्शी लाइट रेल्वेच्या बार्शी-येडशी मार्गाचे. अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या कित्येक पिढ्यांनी पाहिली आहे.

त्यानंतर कामांचा आकार वाढत गेला. टाटांबरोबरच्या भागीदारीतून टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. भोर घाटातले रेल्वे बोगदे, तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारी जलवाहिनी, सिंधू नदीवरचा कालाबाग पूल, ब्रह्मदेशातला इरावती नदीवरचा पूल ही कामे त्यांच्या कंपन्यांच्या नावावर आहेत. १९२६ मध्ये स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी आजही बांधकाम क्षेत्रात आहे.

या सगळ्या कामांत एक समान धागा दिसतो. रूळ, बोगदे आणि पूल हे दोन ठिकाणांमधला वेळ कमी करणारे उद्योग होते. पण त्या रुळांवरून धावणाऱ्या गाडीची मालकी दुसऱ्याची असे. वालचंद यांचे पुढचे पाऊल नेमके याच मुद्द्यावर पडले.

रस्ता बांधणारा माणूस जहाजाकडे का वळला?

पहिले महायुद्ध संपले तेव्हा भारताच्या किनाऱ्यावरची आणि परदेशी जाणारी मालवाहतूक जवळपास पूर्णपणे ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होती. भाडे किती आणि कोणाचा माल आधी चढणार, हे ठरवणेही त्यांच्याच हाती होते. तुतिकोरिनमध्ये चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ मध्ये सुरू केलेली स्वदेशी जहाज कंपनी दरयुद्धात आणि सरकारी दडपणाखाली टिकू शकली नव्हती. हा अनुभव ताजा होता.

१९१९ मध्ये वालचंद यांना लॉयल्टी नावाचे जहाज विकाऊ असल्याचे कळले. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी महायुद्धात रुग्णालय जहाज म्हणून दिलेले हे जहाज होते. ही माहिती त्यांना रेल्वेप्रवासात एका ओळखीच्या माणसाकडून मिळाली, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासोबत त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाली. भारतीय मालकीच्या जहाजाच्या या प्रवासाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

पुढचा मार्ग सोपा नव्हता. लॉर्ड इंचकेप यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने भाडी खाली आणली. १९२३ मध्ये सिंदियाला प्रतिस्पर्ध्याशी करार करावा लागला. त्यामुळे कंपनीचा वावर मुख्यतः किनारी वाहतुकीपुरता मर्यादित राहिला. लंडनला जाणारे जहाज घेऊन निघालेल्या कंपनीसाठी ही मोठी माघार होती. पण कंपनी बुडाली नाही. वालचंद यांनी ती धरून ठेवली आणि १९५० पर्यंत तिच्याशी त्यांचे नाते राहिले.

या लढाईतून त्यांना एक गोष्ट पक्की समजली होती. जहाज विकत घेणे पुरेसे नाही, ते देशात बांधताही आले पाहिजे. मोटार आणि विमान यांबाबतही त्यांचा हाच विचार पुढे दिसतो.

१९३९ मधल्या प्रवासाला सहा दिवस का लागत होते?

तीसच्या दशकात वालचंद मोटार कारखान्याच्या मागे होते. अभियंते आणि म्हैसूर संस्थानाचे माजी दिवाण मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हेही या योजनेत पुढाकार घेत होते. याच कामासाठी वालचंद १९३९ मध्ये अमेरिकेत गेले आणि परतताना प्रशांत महासागरावरून विमानाने निघाले.

आज सॅन फ्रान्सिस्को ते हाँगकाँग हे सुमारे ११,१०० किमीचे अंतर विमान एका दमात साधारण १४ ते १५ तासांत कापते. त्या काळी ते शक्य नव्हते. पॅन अमेरिकन कंपनीची क्लिपर नावाची विमाने या मार्गावर होती. ही पाण्यावर उतरणारी अजस्र विमाने होती, त्यांना उडती नौका म्हणत. त्यांचा वेग ताशी २०० ते ३०० किमीच्या दरम्यान होता आणि इंधनाची टाकी एका टप्प्यापुरती पुरत असे.

म्हणून मार्ग बेटांवरून आखला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतून निघालेले विमान सुमारे ३,८६० किमीवरच्या होनोलुलूला उतरे. केवळ या एका टप्प्याला जवळपास १८ ते २० तास लागत. नंतर मिडवे, वेक, ग्वाम आणि मनिला. प्रत्येक टप्पा दोन-अडीच हजार किमीचा. रात्री विमान थांबे आणि प्रवासी बेटावरच्या हॉटेलात झोपत. मिडवे आणि वेक या जवळपास निर्जन बेटांवर तर कंपनीने केवळ या प्रवाशांसाठी हॉटेले बांधली होती. मनिलापर्यंत प्रत्यक्ष हवेतला वेळ सुमारे ६० तासांचा, पण दिवस लागत सहा. पुढे हाँगकाँग आणखी एक टप्पा.

सगळ्या टप्प्यांची बेरीज केली तर हा मार्ग सुमारे १४ हजार किमीचा होतो, म्हणजे सरळ अंतरापेक्षा जवळपास तीन हजार किमी जास्त. दोन विमानतळांमधले अंतर केवळ भूगोल ठरवत नाही. विमानाचा पल्ला किती आणि खाली उतरायला सोय कुठे आहे, यावरही ते ठरते.

त्या प्रवासात काय घडले?

इतक्या लांबच्या प्रवासात मोजकेच प्रवासी असत. दिवसभर एकाच विमानात आणि रात्री एकाच हॉटेलात राहिल्यावर ओळखी होणारच. वालचंद यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकी उद्योजकाशी झाली. पॉली यांची कंपनी चीनमध्ये विमाने जुळवण्याचे काम करत होती. जपानी फौजा पुढे सरकत होत्या तसा त्यांचा कारखाना किनाऱ्याजवळच्या हांगचौहून आत हलवावा लागला आणि शेवटी ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ लोइविंगला न्यावा लागला होता.

सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध सुरू झाले होते. भारतात विमान बनवणारा एकही कारखाना नव्हता. अमेरिकेत मोटारीचे काम घेऊन गेलेले वालचंद परतले ते विमान कारखान्याची योजना घेऊन.

सरकारकडून मंजुरी मिळायला मात्र वेळ लागला. ब्रिटनमधले विमान कारखाने असताना वसाहतीत वेगळा कारखाना कशाला, हा दृष्टिकोन होता. १९४० च्या मध्यावर फ्रान्स पडला, ब्रिटनवर हवाई हल्ले सुरू झाले, तेव्हा कुठे भारतातल्या कारखान्याचे महत्त्व पटू लागले.

कारखाना सोलापूर किंवा मुंबईऐवजी बेंगळुरूला का गेला?

हा प्रश्न सोलापूरकरांच्या मनात येणे साहजिक आहे. वालचंद यांचे घर सोलापूरचे, धंद्याचे केंद्र मुंबई, साखर कारखाना इंदापूर तालुक्यात वालचंदनगरला आणि दुसरा नाशिक जिल्ह्यात रावळगावला. असे असताना विमानाचा कारखाना म्हैसूर संस्थानात का?

कारण जमिनीवरच्या सोयी. त्या वेळी म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल होते. संस्थानाने कारखान्यासाठी जमीन दिली, वीज देण्याची तयारी दाखवली आणि २५ लाख रुपयांचे भागभांडवलही घातले. शिवनसमुद्रच्या धबधब्यावर या संस्थानात १९०२ पासून वीज तयार होत होती. बेंगळुरूत १९०९ पासून भारतीय विज्ञान संस्था होती. १९४२ मध्ये तिथे वैमानिक अभियांत्रिकीचा विभागही सुरू झाला. म्हणजे जमीन, वीज, पैसा आणि शिकलेले मनुष्यबळ या चारही गोष्टी एका ठिकाणी मिळत होत्या.

ब्रिटिश अमलाखालच्या मुंबई प्रांतात उद्योजकासाठी असे दार उघडे नव्हते. आज औद्योगिक भूखंड, पाणी, रस्ता आणि वीज देण्याचे काम एमआयडीसी करते. पण ही यंत्रणा १९६२ मध्ये, म्हणजे वालचंद यांच्या निधनानंतर नऊ वर्षांनी सुरू झाली. चिंचोळीत आज जे एका अर्जावर मागता येते, त्यासाठी १९४० मध्ये संस्थानाच्या दिवाणाचे दार ठोठवावे लागत होते.

२३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट लिमिटेड या कंपनीची बेंगळुरूत नोंदणी झाली. १९४१ मध्ये भारत सरकारही भागीदार झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कारखान्यात जुळवलेले हार्लो हे प्रशिक्षण विमान आकाशात गेले. नोंदणीपासून पहिल्या विमानापर्यंत आठच महिने लागले होते. पाठोपाठ जुलै १९४२ मध्ये कर्टिस हॉक हे लढाऊ विमानही तयार झाले.

मग हा कारखाना त्यांच्या हातून कसा गेला?

डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरला. काही महिन्यांत सिंगापूर आणि रंगून पडले. ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले. ज्या महासागराने भारताला सुरक्षित अंतरावर ठेवले होते, तो विमानवाहू जहाजांमुळे अचानक जवळ आला.

याच वर्षी सरकारने विमान कारखान्याची सूत्रे स्वतःकडे घेतली आणि वालचंद यांचे भाग विकत घेतले. म्हैसूर संस्थानाने आपला हिस्सा ठेवला, पण युद्धकाळापुरते कारभारातले अधिकार सोडले. १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाच्या कामाला जुंपला गेला. नवी विमाने बनवण्याऐवजी युद्धातून आलेल्या विमानांची दुरुस्ती हे तिथले मुख्य काम झाले.

वालचंद यांना भागांची किंमत मिळाली. पण ज्या कामासाठी त्यांनी मंजुऱ्या मिळवल्या, भागीदार जमवले आणि कारखाना उभा केला, त्यावर त्यांचा अधिकार जेमतेम दीड वर्ष टिकला.

तरीही दुरुस्तीच्या त्या काळात हजारो भारतीय कारागीर आणि तंत्रज्ञ विमानाच्या कामात तयार झाले. स्वातंत्र्यानंतर याच कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचटी-२ हे भारतीय बनावटीचे प्रशिक्षण विमान तयार झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. १९६४ मध्ये कंपनीचे नाव हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे आजचे एचएएल, असे झाले. सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली त्याच महिन्यात, ऑक्टोबर २०२५ मध्ये, एचएएलच्या नाशिक येथील प्रकल्पात तयार झालेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने उड्डाण केले. वालचंद यांचा कारखाना असा फिरून महाराष्ट्रातही पोहोचला.

जहाज आणि मोटारीचे काय झाले?

विमान कारखान्याबरोबरच त्यांनी जहाजबांधणीचेही काम हाती घेतले होते. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते गोदीची पायाभरणी झाली. जपानी हल्ल्यानंतर काम विस्कळीत झाले, पण थांबले नाही. १४ मार्च १९४८ रोजी जलउषा हे जहाज पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पाण्यात उतरले. पुढे १९५२ मध्ये या गोदीचा मोठा हिस्सा सरकारने घेतला आणि हिंदुस्थान शिपयार्ड ही कंपनी झाली.

मोटारीचे स्वप्न सर्वांत आधी पाहिले, पण पूर्ण व्हायला सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागला. युद्धाच्या काळात सरकारने मोटार कारखान्याला साथ दिली नाही. अखेर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने गाड्या बाहेर पडू लागल्या. नंतर इटलीच्या फियाटशी सहकार्य झाले. मुंबईच्या रस्त्यांवर अनेक दशके धावलेली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ही याच कंपनीची. ऑक्टोबर २०२३ अखेर ती मुंबईतून निवृत्त झाली.

प्रवासी विमानांशीही त्यांच्या उद्योगाचा संबंध आला. एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया ही विमान कंपनी सिंदियाच्या ताब्यात होती. १९५३ मध्ये खासगी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ती इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

ते पाहायला वालचंद नव्हते. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापूरची वालचंद तंत्रशिक्षण संस्था यांच्या नावांतून ते आज विद्यार्थ्यांना भेटतात. वालचंदनगरच्या कारखान्यात पुढे इस्रोच्या अग्निबाणांसाठी बूस्टरचे भागही तयार झाले.

आज सोलापूरसाठी या गोष्टीचा अर्थ काय?

सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्यावर आहे. तिथली नियमित सेवा अनेक वर्षे रखडली होती. उड्डाणाच्या मार्गात सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी येत होती. विमानसेवा हवी असलेले नागरिक एका बाजूला आणि कारखान्यावर पोट असलेले ऊस उत्पादक सभासद दुसऱ्या बाजूला, असा हा वाद मोठा झाला. जून २०२३ मध्ये चिमणी पाडण्यात आली. सप्टेंबर २०२४ मध्ये नव्या विमानतळ इमारतीचे उद्घाटन झाले. जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. मुंबईच्या मार्गावर तोटा होऊ नये म्हणून राज्य सरकारने विमान कंपनीला तफावत निधी देण्याचा निर्णय घेतला.

चिंचोळीतून हिशेब केला तर चित्र असे दिसते. ही एमआयडीसी शहराच्या वायव्येला, पुणे-मुंबईच्या बाजूला आहे. विमानतळ मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणजे मुंबईला विमानाने जायचे तर आधी मुंबईकडे पाठ करून शहर ओलांडावे लागते. त्यासाठी साधारण पाऊण तास धरावा लागतो. विमानतळावर तास-सव्वा तास आधी पोहोचायचे, प्रवासाचा एक तास आणि मुंबईत उतरल्यावर कार्यालयापर्यंत आणखी तास-सव्वा तास. दारापासून दारापर्यंत सव्वाचार तास होतात. वंदे भारत एक्स्प्रेसला केवळ सोलापूर ते मुंबई साडेसहा तास लागतात, मोटारीला सात-आठ. त्यामुळे वेळ नक्की वाचतो, पण जाहिरातीतल्या एका तासाइतका नाही. हा फरक कमी करायचा असेल तर विमानाचा वेग वाढून उपयोग नाही. चिंचोळी ते होटगी रस्ता हा जमिनीवरचा प्रवास सुधारावा लागेल आणि फेऱ्यांच्या वेळा कामाच्या वेळांशी जुळवाव्या लागतील.

दुसरा मुद्दा त्याहून मोठा आहे. तफावत निधी कायम मिळत नाही. तो संपेल तेव्हा विमानातल्या जागा भरायला शहरात कारण लागेल. सोलापूरच्या बहुतेक जुन्या गिरण्या बंद पडल्या. चादर आणि टॉवेलचा धंदा टिकून आहे. चिंचोळीत रसायने आणि इंजिनांच्या कॅमशाफ्टसारखे सुटे भाग बनतात आणि ते परदेशीही जातात. तरी शहरातली शिकलेली मुले नोकरीसाठी पुणे आणि बेंगळुरू गाठतात. विमान दोन्ही दिशांनी उडते. गुंतवणूकदाराला इथे आणण्याचा आणि तरुणांना बाहेर नेण्याचा मार्ग एकच असतो.

वालचंद यांच्या आयुष्यात वाहतुकीने संधी दाखवली, पण कारखाना उभा राहिला तो जमिनीवरच्या तयारीमुळे. प्रशांत महासागरावरच्या सहा दिवसांत त्यांना भागीदार मिळाला. जागा, वीज, भांडवल आणि शिकलेली माणसे मात्र बेंगळुरूने दिली, आणि ते शहर पुढे देशातले विमानउद्योगाचे केंद्र झाले. आता सोलापूरजवळ विमानतळ आहे, चिंचोळीत भूखंड आहेत, वालचंद यांच्याच नावाची अभियांत्रिकी संस्था आहे. या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जोडल्या गेल्या, तर ३६० किलोमीटरचे अंतर तासाभरात कापण्याला अर्थ येईल. नाहीतर सोलापूरचा पुढचा वालचंदही आपला कारखाना दुसऱ्या शहरात काढेल, आणि या वेळी तो तिथे विमानाने जाईल.